जाउएट जॅव्हलिन, १९५१: एका अर्धवट जीर्णोद्धाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांचा नाद लागलेल्या माणसाने एमजीबी ही स्पोर्ट्स कार घेतली तर त्याचं फारसं अडत नाही. त्या गाडीची अख्खी नवी बॉडीसुद्धा १९८८ पासून विकत मिळते. मॉरिस मायनरचंही तसंच, रबरी पट्टीपासून पंख्याच्या पट्ट्यापर्यंत सगळं घरपोच येतं. कस लागतो तो मागे वारस न ठेवता बंद पडलेल्या कंपन्यांच्या गाड्यांवर काम करताना. जाउएट ही त्यातलीच एक.

जाउएटचा कारखाना ब्रॅडफर्डच्या आयडल भागात होता. दोन आडव्या सिलिंडरच्या काटक, स्वस्त गाड्या बनवणारी ही घरगुती वळणाची कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर एकदम मोठी उडी मारायला निघाली. जेराल्ड पामर या तरुण अभियंत्याने आखलेली जॅव्हलिन तिने बाजारात आणली. १४८६ सीसीचे चार आडवे सिलिंडर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, टॉर्शन बारचं (पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्यांचं) सस्पेन्शन, वेगळी चासी नसलेली एकसंध बॉडी आणि रेडिएटर इंजिनच्या मागे. ५० अश्वशक्तीत ही गाडी ताशी ८० मैलांच्या जवळ जायची. १९४९च्या माँटे कार्लो रॅलीत तिने आपला वर्ग जिंकला, १९५३ची ट्युलिप रॅली तर थेट पहिल्या क्रमांकाने.

तरीही १९५४ मध्ये कारखाना विकावा लागला. आधी बाहेरून घेतलेला गिअरबॉक्स कंपनीने स्वतः बनवायला घेतला आणि तो धड जमेना. क्रँक (पिस्टनची ये-जा फिरत्या गतीत बदलणारा इंजिनातला दांडा) तुटण्याच्या तक्रारी वाढल्या. बॉडी डॉनकॅस्टरच्या ब्रिग्ज कारखान्यातून येत राहिल्या, पण त्यात बसवायला धड गिअरबॉक्स नाहीत, म्हणून आवारात बॉडींच्या रांगा लागल्या. १९४७ ते १९५३ या काळात सुमारे २३ हजार जॅव्हलिन बनल्या. हा इतिहास नुसता रंजक म्हणून सांगत नाही. कंपनीला जे जे नडलं, ते सगळं सत्तर वर्षांनी या प्रकरणातल्या मालकालाही नडलं.

मालकाला इथे काका म्हणू. मूळचे इचलकरंजीचे, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेले. वस्त्रोद्योगाचं शिक्षण घेऊन ब्रॅडफर्डच्या एका गिरणीत देखभालीच्या कामाला लागले, गिरणी बंद पडल्यावर दुसऱ्या कारखान्यात गेले आणि आता निवृत्त आहेत. हाताने काम करायची सवय पक्की, पण गाड्यांचा अनुभव स्वतःच्या रोजच्या गाडीपुरताच. मी लीड्सला मेकॅनिकल इंजिनिअर आहे. या कामाची वही माझ्याकडे होती, म्हणून हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

अडचण

२०१८च्या शरद ऋतूत काकांच्या ओळखीच्या एका बाईंनी वडिलांचं शेत विकायला काढलं. दगडी कोठारात गवताच्या गठ्ठ्यांमागे १९५१ची जॅव्हलिन उभी होती. शेवटचा रस्ता-कर भरल्याचं कागदी चकतं १९७१चं. नव्या मालकाला कोठार महिन्याभरात रिकामं हवं होतं.

गाडी पाहिल्यावर पहिलं मत चांगलं होतं. काचा शाबूत, दिवे जागेवर, डॅशबोर्डावरची सगळी घड्याळं शाबूत, मागच्या सीटवर उंदरांची घरटी. रंग मूळचा मरून, वरून कुणीतरी ब्रशने काळा फासलेला. दुसऱ्यांदा टॉर्च घेऊन खाली झोपून पाहिलं तेव्हा चित्र पालटलं. दारांखालचे दोन्ही बाजूंचे पेटीसारखे सिल हाताने दाबले की आत जात होते. जॅक लावायच्या जागा नावापुरत्या उरल्या होत्या. इंजिन जाम होतं.

वेगळी चासी असलेल्या जुन्या गाडीत सिल सडले तर गाडी कुरूप दिसते. जॅव्हलिनसारख्या एकसंध बॉडीत सिल म्हणजे घराचा पायाच, तो गेला की गाडी मधून वाकायला लागते. दारं उघडून बंद करून पाहावीत. ती चौकटीत समान फटीने बसत असतील तर बॉडी अजून सरळ आहे. इथे बसत होती. हा एक तपशील निर्णायक ठरला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता गाडी न घेण्याचा. हिशेबाने तोच शहाणपणाचा होता. चालत्या, नीटनेटक्या जॅव्हलिनला साधारण दहा हजार पौंडांच्या आत-बाहेर किंमत येते, आणि पूर्ण काम बाहेरून करून घेतलं तर खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. ज्याला जॅव्हलिन चालवायची आहे त्याने चालती घ्यावी, हे काकांना जाउएट गाड्यांच्या क्लबातल्या जाणत्यांनीही सांगितलं.

दुसरा, गाडी घेऊन सुटे भाग विकण्याचा. काका त्याबद्दल ऐकूनही घेईनात.

तिसरा म्हणजे नट न नट सुटा करून, बॉडी धातूपर्यंत खरवडून, कारखान्यातून आल्यासारखी गाडी उभी करणं. चौथा मधला: बॉडीची ताकद, ब्रेक, इंजिन एवढंच नीट करायचं आणि रंग, सीट, छताचं कापड आहे तसं ठेवायचं.

काकांचा कल तिसऱ्याकडे होता. चहाच्या टेबलावर त्यांनी रंगाचे नमुने मांडले होते, तेव्हा काकूंनी विचारलं, “अहो, ती चालवायची आहे की मिरवायची? आधी ते सांगा, मग रंग निवडा.” काका म्हणाले चालवायची. त्यावर काकू म्हणाल्या, “मग गॅरेजात हाडं सुटी करून ठेवू नका. तुम्ही एकोणसत्तरचे आहात.” बोलणं कडू होतं, पण अर्धवट सोडलेल्या ज्या दुर्मीळ गाड्या खोक्यांत भरलेल्या अवस्थेत विकायला येतात, त्यातल्या बहुतेक अशाच उत्साहाने सुट्या केलेल्या असतात. चौथा पर्याय ठरला. किंमत १८०० पौंडांवर तुटली.

कागदपत्रं

गाडी ट्रेलरवर चढवण्याआधी मी काकांना एकच आग्रह केला: घरातली जुनी कपाटं बघू द्या असं बाईंना सांगा. ब्रिटनमध्ये गाड्यांची नोंद आधी जिल्ह्याजिल्ह्यांत कागदी खातेवहीत असायची. पुढे ती स्वान्सीच्या मध्यवर्ती संगणकावर गेली आणि १९८३च्या अखेरीपर्यंत ज्या गाड्या तिथे नोंदवल्या गेल्या नाहीत त्यांचे क्रमांक बाद झाले. १९७१ पासून कोठारात असलेली गाडी त्यात सापडणार हे उघड होतं.

बाईंच्या आईच्या शिवणाच्या डब्यात जुनं तपकिरी लॉगबुक निघालं. त्यावर क्रमांक, रंग, आणि गाडी व इंजिन दोन्हींचा एकच कारखाना-क्रमांक. व्ही-७६५ नावाचा अर्ज, मान्यताप्राप्त क्लबाची तपासणी आणि हे लॉगबुक एवढ्यावर मूळ क्रमांक परत मिळाला. असा परत मिळालेला क्रमांक दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही, त्यामुळे तो विकून खर्च भरून काढण्याचा मोह आपोआप मिटतो. लॉगबुक नसतं तर त्या वर्षाला शोभेलसा कुठला तरी परका क्रमांक मिळाला असता. पत्रा कापून नवा लावता येतो, पण असा कागद नव्याने करता येत नाही.

(आपल्याकडेही हेच दुखणं आहे. भारतात २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. आजोबांची हिलमन किंवा स्टँडर्ड वाड्यात उभी असेल तर आधी कागद शोधा, कार्ब्युरेटर नंतर.)

इंजिन: पहिली कसोटी

जाम इंजिन पाहिलं की प्रत्येकाला हँडल मारून बघायची खुमखुमी येते. काकांनी ती आवरली, याचं श्रेय गिरणीतल्या सवयीला. जाम शाफ्टला जोर लावला की नेमका सगळ्यात महागडा भाग तुटतो, हे त्यांना माहीत होतं.

नेहमीचा उपाय म्हणजे प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल ओतायचं आणि वाट पाहायची. इथे तो अर्धाच चालतो. सिलिंडर आडवे असल्यामुळे तेल खालच्या भिंतीवर साचतं आणि वरची भिंत कोरडीच राहते. म्हणून इंजिन पुढच्या बाजूने बाहेर काढून एका कुशीवर उभं केलं, हेड उतरवले, वरच्या दोन बोअरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन यांचं मिश्रण भरलं, आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या कुशीवर केलं. या इंजिनात ओतीव लोखंडाचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत फिरतो त्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये नुसते बसवलेले असतात आणि त्यांच्या बाहेरून पाणी फिरतं. हेड काढल्यावर त्यांना धरून ठेवणारं काही उरत नाही. पिस्टन हलवताना लायनर सोबत उचलला गेला तर तळाची सील फाटते. म्हणून जाड वॉशर आणि पाइपचे तुकडे लावून लायनर आधी बोल्टने आवळून घेतले.

पिस्टन सुटले. समाधान फार टिकलं नाही. लायनर ज्या कडेवर टेकतात तिथे ॲल्युमिनियम खाल्लं गेलं होतं. गंजरोधक न घालता वर्षानुवर्षं साधं पाणी वापरल्याचा तो परिणाम. लायनर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर, आणि चारही सारखे, राहिले नाहीत तर हेड गॅस्केट टिकत नाही. जॅव्हलिनची गॅस्केट जळण्याची ख्याती बऱ्याच अंशी याच मापाशी येऊन थांबते. क्रँकची चुंबकीय तपासणी झाली. तडा निघाला नाही, पण तो जुना, गोल भुजांचा होता (भुजा म्हणजे क्रँकच्या खुंट्या एकमेकींना जोडणारे भाग), म्हणजे तुटण्यासाठी बदनाम असलेला. शेवटच्या काळातल्या क्रँकच्या भुजा लंबगोल आणि दणकट आहेत.

दुसरी गाडी

नेमकी याच सुमाराला, २०१९च्या हिवाळ्यात, दुसरी एक जॅव्हलिन विकायला आली. १९५३ची, शेवटच्या मालिकेतली, उघड्यावर उभी राहून जमिनीला टेकलेली. इंजिन मात्र लंबगोल भुजांच्या क्रँकचं आणि हाताने फिरणारं.

या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय हाच होता, आणि माझं काकांशी इथे जमलं नाही. त्यांनी दुसरी गाडी घेतली, तिचं इंजिन नव्याने बांधून पहिलीत बसवलं, नोंदणीच्या कागदांत इंजिन क्रमांक बदलून घेतला आणि मूळ इंजिन तेल-ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून स्टँडवर ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की यॉर्कशरच्या चढांवर गाडी न्यायची तर क्रँकवर विश्वास हवा, आणि मूळ इंजिन कुठे फेकलेलं नाही. माझं मत वेगळं होतं. ॲल्युमिनियमच्या खाल्लेल्या कडा वेल्डिंगने भरून मशीन करता येतात. तसं काम जाणणारी माणसं अजून आहेत, आणि सावकाश चालवलेल्या गाडीत जुना क्रँकही चालतो. गाडी आणि इंजिन यांचा एकच क्रमांक असणं ही एकदाच मोडता येणारी गोष्ट आहे. खर्च दोन्हीकडे साधारण सारखाच आला असता. वेळ मात्र त्यांच्या मार्गात कमी लागला, आणि एकोणसत्तराव्या वर्षी वेळ हाही खर्चच, हे मला मान्य करावं लागलं.

बॉडीचं काम

सिलचं काम बाहेर दिलं. काकांना वेल्डिंग येतं, पण गाडीच्या बॉडीचा पातळ पत्रा आणि मागाचा सांगाडा यांत फरक आहे. वर्कशॉप निवडलं ते जवळचं आणि रिकामं असलेलं, नेहमी अपघाती गाड्यांची कामं करणारं. २०२०च्या टाळेबंदीत सगळं थांबलं. पुन्हा सुरू झाल्यावर तिथल्या कारागिराने उशीर भरून काढायला दोन्ही बाजूंचे सिल एकाच आठवड्यात कापले.

व्हायला हवं होतं ते असं: दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी टेकू वेल्ड करायचे, गाडीचं वजन चाकांच्या जागांवर ठेवायचं, एक बाजू पूर्ण करायची, दार लावून फट मोजायची, मगच दुसरी बाजू. टेकू एकाच बाजूला लावले होते. डावीकडचं मागचं दार आता वरच्या कोपऱ्यात नखभर बाहेर येतं. पुन्हा कापून सरळ करायचं म्हणजे नव्या सिलवर दुसऱ्यांदा हत्यार चालवायचं. गाडी मजबूत आहे, चाकं एका रेषेत आहेत, म्हणून ते तसंच सोडलं.

जमिनीचे पत्रे मात्र सुरेख झाले. मागच्या टॉर्शन बारचे आधार तपासले तर ते शाबूत निघाले, नाहीतर खर्चाचा आकडा वेगळाच झाला असता. पोकळ भागांत मेण फवारलं. काळा रंग काकांनी स्वतः पॉलिशने घासून हळूहळू उतरवला आणि खालचा मरून जिथे उरला होता तिथे राखला. नवे सिल त्याच छटेत रंगवले. जवळून पाहिलं की जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते दिसतं. मला ते आवडतं, काकांना अजून खुपतं.

बाकीचं थोडक्यात. ब्रेकच्या सिलिंडरांत स्टेनलेस स्टीलच्या नळ्या बसवून घेतल्या, ब्रेकचे पाइप तांबं-निकेलचे टाकले. २०२१च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमधलं साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालं. ते जुनं रबर खातं, म्हणून इंधनाच्या नळ्या बदलल्या आणि गाडीत पाच टक्क्यांचंच पेट्रोल घालायचं ठरलं. गिअरबॉक्स दोन्ही गाड्यांचे उघडले. नंतरच्या वर्षाचा बरा निघाला, तोच बसवला.

निष्पत्ती

गाडी २०२३च्या उन्हाळ्यात रस्त्यावर आली. चाळीस वर्षांपुढच्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाडीला २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीची (गाडी रस्त्यावर चालवण्याइतकी सुरक्षित आहे का हे पाहणारी) सक्ती नाही. काकांनी तरीही ती करून घेतली, आणि तिथे पुढच्या एका ब्रेकची ओढ कमी असल्याचं निघालं. सक्ती नसताना केलेला हा किरकोळ खर्च अख्ख्या प्रकल्पात सगळ्यात वसूल झाला असं माझं मत आहे.

खर्च काकांच्या स्वतःच्या मेहनतीचं मोल न धरता १९ हजार पौंडांच्या घरात गेला, त्यातला जवळजवळ निम्मा पत्र्यावर. विमा कंपनीने आधी ठरवून दिलेली किंमत नऊ हजार. हा फरक काकूंना माहीत आहे. त्या मागच्या सीटवर बसत नाहीत, कारण ते दार जोरात आपटावं लागतं.

गाडी दर आठवड्याला चालते. एकदा आयडलला नेली होती. कारखान्याच्या जागेवर आता सुपरमार्केट आहे, तिथे किराणा भरला आणि परत आलो. चढावर इंजिन तापत नाही. तिसऱ्या गिअरला मात्र शीळ घातल्यासारखा आवाज येतो आणि उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की तो गिअर कधीकधी निसटतो. १९५१च्या गिऱ्हाइकांचीही तक्रार हीच होती. येत्या हिवाळ्यात गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

वर्कशॉपची निवड हा सगळ्यात सुधारता येण्यासारखा भाग. एकसंध बॉडीचं सिलकाम देताना भाव आणि अंतर यांच्या आधी विचारायला हवं होतं की टेकू कुठे लावणार आणि कोणती बाजू आधी कापणार. जाणता कारागीर हे उत्तर कागदावर काढून दाखवतो. आम्ही विचारलंच नाही, आणि टाळेबंदीनंतरच्या घाईत कारागिराला दोष देणं सोपं आहे म्हणून मी तो पूर्ण देत नाही.

गिअरबॉक्स बसवण्याआधी बाकावर फिरवून, भार देऊन पाहायला हवा होता. डोळ्यांना दात चांगले दिसले, एवढ्यावर तो आत गेला.

दुसऱ्या गाडीबद्दल काकांचंही मत आता थोडं बदललं आहे. ती विकत घेणं त्यांना चुकीचं वाटत नाही, ती ज्या वेगाने मोडली ते वाटतं. इंजिन काढून घेतल्यावर उरलेली बॉडी सहा महिने क्लबाच्या यादीवर ठेवली असती तर कुणी तिच्यातले पत्रे नमुन्याला तरी नेले असते. पुढची मडगार्डं, दारं, काचा आणि बंपर आम्ही देऊन टाकले. पण जमिनीच्या पत्र्यांचे कोपरे, ज्यांचा नमुना पुढे एका सभासदाला हवा होता, ते भंगारात गेले होते.

त्या गाडीची कारखाना-क्रमांकाची पट्टी मात्र काकांनी उचकटून ठेवली होती. अशी पट्टी मोकळी राहिली की ती दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीवर चढते आणि नसलेली जॅव्हलिन विकली जाते. ती क्लबाच्या नोंदणी पाहणाऱ्या गृहस्थांकडे दिली. त्यांनी खातेवहीत त्या क्रमांकापुढे ‘मोडली’ लिहिलं, आणि इंजिन कुठल्या गाडीत गेलं तेही.